भट्टीची खंडेनवमी

भट्टीचा खटका मी बंद केला तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. वहीत मात्र मी लिहिलं, ‘सायंकाळी पाच.’

दिवस खंडेनवमीचा होता. कोल्हापूरच्या आमच्या संशोधन केंद्रात मी आणि फाटकावरचा पहारेकरी, एवढीच माणसं. डॉ. सुमेधा नेसरीकर, म्हणजे आमच्या मॅडम, परिषदेसाठी बंगळूरला गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या होत्या, "आप्पा, भट्टी नऊशे अंशांवर ठेवा. बरोब्बर पाचला नळी चिमट्यानं ओढा आणि लालभडक असतानाच पाण्यात बुडवा. आणि वहीत लिहा."

नळी म्हणजे नऊशे अंशांतही न वितळणाऱ्या काचेची बंद नळी. तिच्यात तांबं आणि आणखी चार धातूंची भुकटी. ती वितळून, मुरून तिचा ज्वारीच्या दाण्याएवढा स्फटिक व्हायचा. असे एकशे बारा दाणे आम्ही आधी केले होते आणि एकशे बारा वाया गेले होते.

काम साधं होतं. पण या केंद्रात येण्याआधी मी अडतीस वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतकाम केलं होतं. तिथं खंडेनवमीला भट्टी थंड. हत्यारं धुवायची, ओळीनं मांडायची, झेंडूची माळ घालायची आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. माझ्या उमेदीत एकदा मालकानं घाईच्या ऑर्डरीपायी नवमीला भट्टी चालू ठेवली. आतलं अस्तर चिरलेलं कुणी बघितलं नव्हतं. रस उसळला आणि माझा जोडीदार शिवाप्पा, त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. नवमीला थांबलो असतो तर चीर दिसली असती. त्या दिवसापासून नवमीला मी चालत्या भट्टीजवळ उभा राहिलो नाही.

पाचपर्यंत थांबावं असं मनात होतं. पण बारा वाजता माळ हातात घेऊन धगधगत्या भट्टीसमोर उभा राहिलो आणि माझ्यानं ते होईना. खटका पाडला. भट्टीला माळ घातली. चिमटे, कातरी, पाने, सगळं पुढं मांडलं. फौंड्रीतून आणलेलं माझं जुनं चुंबक भट्टीच्या पोटाला टेकवून ठेवलं. वाळूतून लोखंडाचा चुरा वेचायला आम्ही ते वापरायचो. त्याला कुंकवाची पाच बोटं लावली, नारळ फोडला आणि कुलूप लावून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर आलो. सहा वाजून दहा मिनिटांनी भट्टी उघडली. नळी गार पडली होती. आता करायचं काय? मी ती गारच नळी पाण्यात बुडवून काढली, म्हणजे लिहायचं ते निदान अर्धं तरी खरं होईल. मग वही उघडली आणि नवमीच्या तारखेखाली लिहिलं, ‘सायंकाळी पाच. नळी पाण्यात.’

ही वही म्हणजे माझा जीव होता. केंद्रात आलो तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो आणि मला सहीपुरतीही अक्षरं येत नव्हती. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात पाटी आणली. मी म्हणालो, "ह्या वयात कशाला मॅडम?" त्या म्हणाल्या, "भट्टीजवळ तुम्ही असता, मी नसते. तुम्ही बघितलेलं मला कळणार कसं?" वर्षभर रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला शिकवलं. त्यांच्याकडून घेतलेल्या अक्षरांनी मी आयुष्यातलं पहिलं खोटं लिहिलं.

---

मॅडम काय शोधत होत्या तेही त्यांनी मला याच सुट्टीत समजावलं होतं, डब्यातल्या ठेच्याच्या साक्षीनं.

तारेतून वीज जाते म्हणजे इलेक्ट्रॉन नावाचे बारीक कण धावतात. धावताना ठेचकाळतात, तार तापते आणि विजेचा काही भाग वाटेतच उष्णता होऊन वाया जातो. पण काही पदार्थ खूप थंड केले की त्यांतले इलेक्ट्रॉन जोडीनं चालायला लागतात. जोडीनं चालणारे ठेचकाळत नाहीत. अशा तारेत सोडलेली वीज न घटता फिरत राहते. तो अतिवाहक.

"पण इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात असं तुमीच म्हणाला होता," मी विचारलं. "मग त्यांची जोडी लावतं कोण?"

मॅडम खूश झाल्या. "हाच प्रश्न आहे, आप्पा. जुन्या अतिवाहकांत अणूंची थरथर जोडी लावते. पण ती जोडी नाजूक, थोडी ऊब लागली की तुटली. दुसऱ्या जातीच्या पदार्थांत जोडी लावतं चुंबकत्व. प्रत्येक अणूजवळ एक इवलंसं चुंबक समजा. एकाचं तोंड वर, शेजाऱ्याचं खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. अशी शिस्तीची रांग. एक इलेक्ट्रॉन त्या रांगेतून घुसला की मागं रांग विस्कटते. दुसरा त्याच विस्कटलेल्या वाटेनं येतो आणि ती सावरत जातो. म्हणून दोघं एकमेकांना सोडत नाहीत. पण अंगाला अंगही लागू देत नाहीत. हातभर अंतर राखून असतात."

"म्हणजे आखाड्यातली खडाखडी," मी म्हणालो. "दोन पैलवान एकमेकांच्या पंजात पंजा घालून गोल फिरत्यात तशी. जवळ येत न्हाईत आणि सोडत बी न्हाईत."

मॅडम घास तोंडात तसाच धरून हसल्या. त्यांनी ते पुढं एका निबंधातही लिहिलं म्हणे.

"अडचण शिस्तीची आहे," त्या म्हणाल्या. "रांग फार कडक असली तर कुणी जागचं हलत नाही, वीजच वाहत नाही. रांग पार मोडली तर जोडी लावणारं कुणी उरत नाही. मोडायला आलेली पण न मोडलेली शिस्त पाहिजे. ती मिळाली तर थंड करायचीही गरज नाही. साध्या खोलीत, पंख्याखाली अतिवाहक."

---

एकशे तेरावा दाणा मॅडमनी बंगळूरहून आल्यावर दुपारी मोजायला घेतला. खोलीत एकतीस अंश तापमान होतं. विजेला किती अडथळा होतो ते दाखवणारा आकडा खाली घसरला आणि शून्यावर जाऊन बसला. मॅडमनी यंत्र बदललं, तारा बदलल्या. शून्य. मग त्यांनी चिमटीनं दाणा उचलून चपट्या चुंबकावर सोडला. दाणा खाली टेकलाच नाही. केसभर वर, हवेत तरंगत राहिला.

"आप्पा," मॅडम हळूच म्हणाल्या, "जरा फुंकर मारा."

मी फुंकर मारली. दाणा डुलला आणि पुन्हा स्थिर झाला. मॅडम लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत व्हरांड्यात धावल्या. मीही हसलो. वहीतलं खोटं तेव्हा मला आठवलंसुद्धा नाही.

नऊ दिवस त्यांनी मोजमापं घेतली. दहाव्या दिवशी जास्त वीज सोडताना दाणा तडकला आणि मेला. मॅडमना वाईट वाटलं, पण त्या म्हणाल्या, "दुसरा करू. कृती आपल्याकडं आहे." आणि त्यांनी कृती जगभर पाठवली. नऊशे अंश, मग लालभडक नळी पाण्यात.

कुणालाच जमलं नाही. जपानला नाही, जर्मनीला नाही. आम्हालाही नाही. पंधरा नळ्या मी स्वतः घड्याळ लावून पाण्यात बुडवल्या. पंधराही दाणे मेलेले निघाले.

पौषात दिल्लीहून पत्र आलं. नेसरीकरांचे आकडे बनावट असल्याची शंका आहे, चौकशी समिती येईल, पंधरा दिवसांत प्रयोग करून दाखवावा, नाहीतर केंद्र बंद आणि पदवीचाही फेरविचार. मॅडमनी पत्र मला वाचायला दिलं. ‘बनावट’ हा शब्द मी अक्षर अक्षर लावून वाचला.

त्या संध्याकाळी घरी आक्काताई, माझी बायको, वांगी चिरत होती. मी जोत्यावर बसलो.

"काय झालं? तोंड असं पाडलंय ते?"

मी सगळं सांगितलं. बारा दहा, माळ, पाच वाजता, सगळं. विळी थांबली.

"म्हंजे त्या बाईला लोक चोर म्हणायला लागल्यात, आणि चोर हितं जोत्यावर बसलाय."

"मला काय ठावं, त्यानं फरक पडतोय का न्हाई..."

"तुमास्नी ठावं न्हाई म्हणूनच तिला सांगायचं. ती शिकलीया, तुमी न्हाई." तिनं वांगं पाण्यात टाकलं. "पाटी आणून दिली तेव्हा गावभर दाखवत हिंडलासा. आमच्या मॅडमनी शिकवलं म्हणून. आता जावा, आणि त्या मॅडमना वाचून दाखवा काय लिवलंय ते."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो. बसा म्हणाल्या, बसलो नाही.

"मॅडम, नवमीचं पान खोटं हाय."

त्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. भट्टी बारा दहाला बंद केली, पाण्यात घातली नाही, म्हणजे घातली, पण गार झाल्यावर. त्या खुर्चीतून उठल्या, खिडकीशी गेल्या. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाल्या,

"आप्पा, तीन महिने मी माझा प्रत्येक आकडा तपासतेय. यंत्रं तपासली. भुकटीचा डबा न् डबा तपासला. फक्त तुमची वही तपासली न्हाई. का, ठाऊक हाय?"

"का?"

"कारण ती तुमची होती."

चिडल्या की मॅडमच्या तोंडून नेसरीची बोली यायची. पण हे त्या चिडून बोलल्या नव्हत्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "मला काढून टाका. पण आधी सगळं लिहून घ्या. बारा दहाला खटका पाडला. माळ घातली. हत्यारं मांडली, पोटाला चुंबक टेकवलं, नारळ फोडला..."

मॅडम गर्रकन वळल्या. "काय टेकवलं?"

"चुंबक. फौंड्रीतलं. पूजेला."

"किती वेळ?"

"दसऱ्यापर्यंत. नळी काढली तोवर तिथंच होतं. तीस तास."

मॅडम टेबलावरचा कागद ओढून रेघा मारायला लागल्या. "सावकाश गार झालं, म्हणजे अणूंना आपापली जागा शोधायला वेळ मिळाला. आणि ते जागा शोधत असताना शेजारी चुंबक! रांगेला एक दिशा मिळाली. आप्पा, अहो पाण्यात बुडवून आम्ही ती रांग लागण्याआधीच गोठवत होतो." मग पेन थांबलं. "चुंबक कसं ठेवलं होतं? आडवं का उभं? ह्यावर सगळं आहे."

मला आठवेना. तीन महिने झाले होते. मी धावत जाऊन कपाटातून चुंबक आणलं. पाटासारखं चपटं, काळं, कोपरे झिजलेले. त्याच्या अरुंद कडेवर कुंकवाची पाच बोटं अजून होती.

"कुंकू माझ्याकडं तोंड असलेल्या बाजूला लावणार मी," मी म्हणालो. "बोटं कडेवर हायत, खालनं वर ओढलेली, कडेच्या लांबीनं. म्हंजे उभं होतं, कड माझ्याकडं."

मॅडमनी ती बोटं पुन्हा पुन्हा बघितली. "पुसू नका हं," म्हणाल्या. जणू मी पुसणार होतो.

---

पहिल्या प्रयोगाला मॅडमनी नवं चुंबक आणलं, माझ्या चुंबकाच्या दहापट ताकदीचं. ताकद जास्त तर रांग जास्त चांगली, असा त्यांचा हिशोब. भुकटी तीन दिवस नऊशे अंशांवर ठेवली, मग भट्टी बंद करून नवं चुंबक उभं टेकवलं आणि तीस तास थांबलो. दाणा निघाला काळा, सुंदर, चकचकीत. त्यातून वीज जाईचना. अतिवाहक तर सोडाच, साधी तारही तो होईना.

पंधरातले सहा दिवस गेले. मॅडम डोकं धरून बसल्या. "चुंबकाचा संबंधच नसेल, आप्पा. मी उगाच..."

"मॅडम," मी म्हणालो, "तुमीच सांगितलं होतंसा. रांग फार कडक असली की कुणी जागचं हलत न्हाई."

त्यांनी डोक्यावरचा हात काढला.

"माझं चुंबक म्हातारं हाय. शंभरदा फरशीवर पडलंय. निम्मा जोर गेलाय त्याचा. आपल्याला मोडायला आलेली शिस्त पाहिजे ना? मग पैलवान कशाला आणलासा?"

मॅडमनी कागद बघितला, मग मला. "डॉक्टरेट कुणाची आहे इथं?" त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

दुसरी भुकटी मिसळून तयार व्हायलाच पाच दिवस गेले. मग ती भट्टीत गेली आणि चौदाव्या दिवशी दुपारी बारा दहाला मी खटका पाडला. म्हातारं चुंबक टेकवलं, उभं, कुंकवाची कड माझ्याकडं. त्या दिवशी नवमी नव्हती, तरी मॅडमनी कुठूनशी झेंडूची माळ आणली. "काहीच बदलायचं नाही," म्हणाल्या.

पंधराव्या दिवशी सकाळी समिती आली. तिघं होते, अध्यक्ष पुण्याचे डॉ. शिरगोपीकर. उंच, शिस्तीचे, घड्याळाकडं बघत बोलणारे. मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं. वही लपवली नाही. शिरगोपीकरांनी विचारलं, "ही खोटी नोंद कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. आणि उभ्यानं, त्यांच्यासमोर, ती ओळ मोठ्यानं वाचली. मग तिच्याखाली दोन आठवड्यांपूर्वी, कबुलीच्या दिवशी लिहिलेली खरी ओळही वाचली. पहिली मी खोडली नव्हती. एकही अक्षर अडलं नाही.

शिरगोपीकर म्हणाले, "मग आता ती नळी उघडा. आमचं चार वाजताचं विमान आहे."

"न्हाई उघडता येणार साहेब," मी म्हणालो. "सहा दहाला."

"अहो, गार झालीय ती. हात लावून बघा ना!"

"वरनं गार झालीय. आत अजून मुरतंय. अडतीस वर्षं मी साचे उघडलेत. घाईनं उघडलेला एक बी धड निघाला न्हाई."

शिरगोपीकर मॅडमकडं वळले. मॅडमचं नाव, केंद्र, सगळं त्या नळीत होतं, आणि समिती उठून गेली की संपलं. त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भट्टीजवळ आप्पा असतात, सर. ते सांगतील तेव्हाच उघडेल."

विमान गेलं. समितीनं आमच्या डब्यातली भाकरी आणि पिठलं खाल्लं. शिरगोपीकरांनी ठेचा दोनदा मागून घेतला आणि पाणीही दोनदा.

सहा दहाला मी माळ काढली, नळी फोडली. दाणा मॅडमनी तारांमध्ये बसवला. आकडा खाली आला, आणखी खाली आला आणि शून्यावर थांबला. शिरगोपीकरांनी स्वतःचं यंत्र आणलं होतं, त्यावरही शून्य. खोलीत तीस अंश होते आणि वर पंखा फिरत होता.

"तरंगवून दाखवा," ते म्हणाले.

चपटं चुंबक टेबलावर नव्हतंच, गडबडीत कुणीतरी हलवलं होतं. मी माझं म्हातारं चुंबक कुंकवाची कड वर करून धरलं. मॅडमनी त्याच्या कडेवर दाणा सोडला. कुंकवाच्या बोटांवर, केसभर वर, दाणा तरंगत राहिला.

शिरगोपीकर खाली वाकले, गाल फुगवले आणि त्यांनी हळूच फुंकर मारली.

---

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. राजस्थानच्या वाळवंटातलं ऊन ज्या तारांवरून आपल्या महाराष्ट्रात येतं, त्या तारा या दाण्याच्या जातीच्या आहेत. वाटेत काही गळत नाही. चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयात शरीराच्या आतलं दाखवणारं मोठं चुंबकी यंत्र आहे, पूर्वी ज्याला महागड्या थंड वायूचा रतीब लागायचा. आता लागत नाही. गेल्या वर्षी आक्काताईच्या पाठीचं दुखणं तिथंच वेळेवर कळलं आणि ती सुधारली. बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या भट्टीनं एवढं तरी केलं. आता वांगी आणा."

या तारा करणारे कारखाने जगभर आहेत आणि सगळ्यांची कृती एकच आहे. भुकटी मुरवायची, भट्टी बंद करायची, जोर नसलेलं चुंबक उभं टेकवायचं आणि तीस तास कुणी हात लावायचा नाही. मागच्या उन्हाळ्यात कोरियातल्या एका कारखान्याचे चार कामगार केंद्र बघायला आले होते. त्यांनी त्यांच्या यंत्राच्या पडद्याचा फोटो दाखवला. पायऱ्यांची नावं त्यांच्या लिपीत होती. सातव्या पायरीवर बोट ठेवून त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "नवमी." मॅडमनी पहिल्या कृतीत तेच नाव लिहिलं होतं आणि जगानं ते तसंच ठेवलं. मुलीनं विचारलं, "म्हणजे काय?" तिच्या गळ्यातल्या यंत्रानं ते मराठीत सांगितलं.

"भट्टी दमते," मी म्हणालो. "तिला बसू द्यायचं."

तिनं मान डोलावली. तिच्याही हातावर भाजल्याचे डाग होते. तिला कळलं.

मी आता पंच्याहत्तरीचा झालो. पण खंडेनवमीला केंद्रात जातो. हत्यारं मांडतो, माळ घालतो, चुंबकाच्या त्याच कडेला नव्यानं पाच बोटं लावतो. मग वही उघडून लिहितो, ‘दुपारी बारा दहा. भट्टी बंद.’ वही मॅडमच्या पुढं धरतो. पहिल्या वर्षी त्या न बघताच सही करायला निघाल्या. मी वही मागं घेतली.

आता त्या चष्मा लावतात, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात, भट्टीच्या खटक्याकडं बघतात आणि मग सही करतात.